कापूर, तांबे आणि एका अणूची जाडी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त लखनौ येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली, म्हणून या वर्षाला आपण हीरक महोत्सवी वर्ष म्हणतो. हिरा हा कार्बनचा एक अवतार, हे तुम्ही सर्वांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले आहे. पेन्सिलीतले ग्रॅफाइट हा त्याच कार्बनचा दुसरा अवतार. देव्हाऱ्यातल्या समईच्या वर भिंतीला धरणारी काजळी हाही त्याचाच एक ओबडधोबड आविष्कार. आज मी या घराण्यातल्या एका धाकट्या भावंडाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव ग्राफीन. विशेषतः ते धातूच्या पत्र्यावर कसे वाढवतात, हे मला सांगायचे आहे.

मी मराठी विषयाची शिक्षिका. समारंभाच्या भाषणात मी संतवाङ्मयावर किंवा मातृभाषेच्या महत्तेवर बोलेन, अशी अपेक्षा घेऊन काही मंडळी आली असतील. ती अपेक्षा रास्तच आहे. तथापि हा विषय मी निवडला याचे कारण तुम्ही आहात आणि तुमच्या भट्ट्या आहेत.

खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय घेऊन भारतभर गेली. जेथे सराफ कट्टा तेथे आपला माणूस, असे म्हणण्याजोगी ही परंपरा आहे. लखनौच्या चौकातही ती येऊन स्थिरावली. आजोबा आले, मग वडील आले, मग काका-पुतणे आले. मुले मात्र अनेकांनी गावी आजी-आजोबांजवळ ठेवली आणि आमच्या शाळेत घातली. शाळेच्या पटावर दरवर्षी अशी कित्येक नावे असतात, ज्यांच्या वडिलांचा पत्ता पाटण्याचा, कानपूरचा, मदुराईचा किंवा येथला असतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आमच्या विज्ञान शिक्षकांनी ग्राफीनची गोष्ट काढली आणि ते तांब्याच्या पत्र्यावर वाढवतात असे सांगितले. तेव्हा एका मुलीने हात वर केला. तिचे वडील याच शहरात भट्टी चालवतात. ती म्हणाली, ‘सर, तांबे तर आमच्याकडे बाहेर काढून टाकतात. त्याच्यावर काही वाढवायचे कशाला?’ वर्ग हसला. पण सर हसले नाहीत. मधल्या सुटीत तो प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आला, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस सरांनी मला, भाषेच्या बाईंना, समोर बसवून हा विषय मराठीतून समजावून सांगितला. समजले ते मराठीतून सांगता येते की नाही, हे मला पाहायचे होते. आजचे भाषण हे त्या मुलीच्या प्रश्नाचे, थोडे लांबलेले, उत्तर आहे.

ग्राफीन म्हणजे काय, हे आधी पाहू. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू थरांनी रचलेले असतात. एका थरात प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांचा हात धरून बसलेला असतो आणि सर्वांची मिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी होते. थराच्या आतले बंध अतिशय पक्के. एका थराचे दुसऱ्या थराशी नाते मात्र सैल. म्हणून तर पेन्सिल कागदावर ओढली की थर सुटून अक्षर उमटते. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख थर असतात. त्यांतला एकच थर वेगळा काढला तर ते ग्राफीन. जाडी एका अणूची. यापेक्षा पातळ पत्रा या सृष्टीत करता येणार नाही, कारण अणूहून पातळ काही उरतच नाही.

तुम्ही चौकात राहता, म्हणून एक तुलना करते. येथले कारागीर चांदीचा वर्ख ठोकून करतात. वहीसारख्या पानांच्या गठ्ठ्यात चांदीचे तुकडे ठेवून तासन् तास हातोडीने ठोकायचे, की मिठाईवर फुंकरीने उडेल असा पापुद्रा होतो. तो वर्ख मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. माणसाच्या हाताने केवढे साधले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. तरीही ग्राफीन त्या वर्खाहून साधारण हजारपट पातळ भरेल. ठोकून तेथवर पोहोचता येत नाही. मग दोन वाटा राहतात : जाड वस्तूचे थर सोलत सोलत शेवटच्या थरापर्यंत जायचे, किंवा एकेक अणू आणून तो थर विणायचा.

सोलण्याची वाट इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये यशस्वी करून दाखवली, आणि त्यांचे साधन काय होते, तर दुकानात मिळणारी चिकटपट्टी! ग्रॅफाइटवर चिकटवायची, ओढायची, पुन्हा दुमडून चिकटवायची, पुन्हा ओढायची. २०१० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. वर्तमानपत्रांनी चिकटपट्टीची गोष्ट इतकी रंगवली की दुसरी वाट झाकोळूनच गेली. सोललेले तुकडे अभ्यासाला उत्तम, पण ते डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील एवढे लहान. त्यातून वापरण्याजोगी चादर होत नाही. चादर हवी असेल तर विणावीच लागते.

विणण्याच्या वाटेचे शास्त्रीय नाव रासायनिक बाष्प निक्षेपण. नाव जड आहे, हे मान्य करते. शास्त्रज्ञ इंग्रजी आद्याक्षरे घेऊन त्याला सीव्हीडी म्हणतात. पण मागच्या रांगेत बसलेल्या आजींना मी विचारले, की बाळाच्या डोळ्यांत घालायचे काजळ तुम्ही कसे धरत होता, तर त्या या प्रक्रियेचा अर्धा भाग आपणहून सांगतील. तेलाची किंवा तुपाची वात, नाहीतर कापराची वडी पेटवायची. ज्योतीवर तांब्याची किंवा चांदीची ताटली पालथी धरायची. ताटलीच्या पोटाला काळे धरते ते बोटाने पुसून घ्यायचे. ज्योतीतून कार्बन वर येतो आणि थंड धातूवर बसतो. हे निक्षेपणच आहे. फरक असा, की काजळ म्हणजे अणूंची गर्दी आहे, जत्रेतल्यासारखी. बारीक कणांत षट्कोनी जाळीचे चिमुकले, वेडेवाकडे तुकडे असतात, पण एकसंध रचना नसते. ग्राफीन म्हणजे तीच माणसे कवायतीला रांगेत उभी राहिलेली.

त्यासाठी तीन गोष्टी बदलाव्या लागतात. हवा काढून टाकावी लागते, नाहीतर कार्बन जळून जातो. ताटली थंड न ठेवता लाल होईपर्यंत तापवावी लागते. आणि कार्बन ज्योतीतून न आणता वायूच्या रूपाने हिशेबाने सोडावा लागतो. ‘रासायनिक’ या शब्दाचा अर्थही येथेच स्पष्ट होतो. येथून जवळच्या कनौजला तांब्याच्या डेगेत फुले उकळून अत्तर काढतात. तेथे वाफ नळीतून जाते आणि थंड होऊन सुगंधी तेल म्हणून उतरते. जे वर गेले तेच खाली आले. ग्राफीनच्या भट्टीत तसे होत नाही. वायूचा रेणू तापलेल्या धातूला टेकतो तेव्हा तुटतो. त्यातला कार्बन धातूवर राहतो आणि बाकीचे निघून जाते. उतरते ते वेगळेच द्रव्य असते.

आता कापराकडे येते, कारण या इतिहासातला कापराचा अध्याय आपल्या माणसांचा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

कापूर जळला की मागे काही उरत नाही, असे आपण मानतो. भक्तीची उपमाच ती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र कापराचा रेणू कार्बनने भरलेला आहे : दहा अणू कार्बनचे, सोळा हायड्रोजनचे आणि ऑक्सिजनचा एक. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापराच्या काजळीचा अभ्यास केला आणि तिच्यापासून फुलरीन, म्हणजे चेंडूच्या आकाराचे कार्बनचे रेणू मिळवल्याचे १९९४ मध्ये जगाला सांगितले. फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या मान्यवर नियतकालिकात तो निबंध छापला गेला. आरतीच्या तबकातली वस्तू पदार्थविज्ञानाच्या अग्रगण्य पत्रिकेत गेली.

त्यानंतर २००६ मध्ये जपानच्या कासुगाई गावातील चुबू विद्यापीठात प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि प्राध्यापक मासायोशी उमेनो यांनी याच कापरापासून ग्राफीनचे थर वाढवले. या प्रकाश सोमाणींनी पुढे पुण्यात आपले काम उभारले. त्यांची कृती सांगते, कारण तुम्हा भट्टीवाल्यांना ती लगेच समजेल. एक लांब नळी. तिच्या एका भागात कापूर, दुसऱ्या भागात निकेलचे पत्रे. कापराचा भाग १८० अंशांपर्यंत तापवला की त्याची वाफ होते. आर्गॉन हा कशाशीच संयोग न पावणारा वायू ती वाफ पुढे ढकलतो. निकेलचा भाग ७०० ते ८५० अंशांवर ठेवलेला असतो. तेथे वाफेचे रेणू फुटतात. मग भट्टी आपोआप निवू दिली. पत्र्यावर जे आढळले त्यात सुमारे ३५ थर एकावर एक रचलेले होते आणि दोन थरांतले अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे ग्रॅफाइटमध्ये असते तेच, भरले. मीटरचे शंभर कोटी भाग करावेत, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

पस्तीस थर म्हणजे शुद्ध ग्राफीन नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण बाष्प निक्षेपणाने सपाट ग्राफीन वाढवण्याच्या अगदी पहिल्या निवेदनांमध्ये या कामाची गणना होते, आणि पुढच्या आढाव्यांत त्याचा उल्लेख आदराने येतो. आमच्या दहावीच्या मुलांना चिकटपट्टी ठाऊक आहे, कापूर ठाऊक नाही. शाळेने याची दखल घ्यावी, असे मला वाटते. (लखनौमध्येच सीमॅप ही औषधी व सुगंधी वनस्पतींची राष्ट्रीय संस्था आहे; कापूर-तुळस नावाची एक वनस्पती असते आणि तिच्या तेलात कापूर सापडतो, हे येथल्या मुलांनी एकदा जाऊन विचारून यावे.)

पस्तीस थर का आले? निकेलच्या स्वभावामुळे. तापलेले निकेल कार्बन पोटात विरघळवून घेते. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते आणि पाक निवला की खडीसाखर धरते, तसेच येथे होते : निकेल निवू लागले की पोटातला कार्बन पृष्ठभागावर बाहेर येतो आणि थर धरतो. किती बाहेर येईल हे पत्र्याची जाडी, तापमान आणि निवण्याचा वेग यांवर अवलंबून. कोठे एक थर, कोठे चार, कोठे दहा. सोने तोलणाऱ्या माणसाला असली अनिश्चितता कशी चालावी?

आणि येथे आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येते. तांबे का? तर तांबे कार्बनला पोटात जवळजवळ घेतच नाही म्हणून. २००९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे रॉडनी रुऑफ यांच्या गटाने तांब्याची २५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी पातळ पट्टी घेतली, ती सुमारे १००० अंशांपर्यंत तापवली आणि तिच्यावरून मिथेन व हायड्रोजन हे वायू सोडले. मिथेनचा रेणू तापलेल्या तांब्याला टेकून फुटतो. सुटा कार्बन पृष्ठभागावरच भटकत राहतो, कारण आत जायला वाव नाही. भटकता भटकता अणू एकमेकांना भेटतात आणि लहान बेट तयार होते. बेटे कडेने वाढत जाऊन एकमेकांना मिळतात. सगळा पत्रा झाकला गेला, की नव्या मिथेनला उघडे तांबे सापडत नाही, तो फुटत नाही आणि वाढ आपोआप थांबते. त्या पत्र्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग एकाच थराने झाकला गेला होता. कोणी देखरेख करून थांबवायचे नाही. काम पुरे झाले की काम थांबते. मला या प्रक्रियेतली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

तापमानाचा आकडा तुमच्यापैकी कोणी मनात धरला असेल. १००० अंशांना तुमची चांदी केव्हाच वितळून गेलेली असते. ती ९६२ अंशांना वितळते. सोने १०६४ ला. तांबे १०८५ अंशांपर्यंत दम धरते. म्हणजे वितळण्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी अंश अलीकडे ही सारी विणकरी चालते. तांबे घन असते, पण त्याच्या पृष्ठभागावरचे अणू अस्वस्थ झालेले असतात. पत्रा आधी हायड्रोजनच्या वातावरणात तापवून ठेवावा लागतो. मूस तापवताना मळी ओढून घ्यायला तुम्ही टाकणखार घालता ना? टाकणखार ऑक्साइडला आपल्यात विरघळवून घेतो. हायड्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेऊन त्याचे पाणी करतो आणि वाफ होऊन निघून जातो. काम तेच, रीत निराळी.

थर धरला की नाही हे कसे कळते? एका अणूचा थर ९७ टक्क्यांहून जास्त उजेड आरपार जाऊ देतो, तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसणार कसा? त्याची एक साधी परीक्षा आहे आणि ती ऐकून मला तुमचा कसाचा दगड आठवला. पत्रा उघड्या हवेत थोडा तापवायचा. जेथे ग्राफीन नाही तेथे तांबे लाल-काळे पडते. जेथे आहे तेथे लखलखीत राहते. मधल्या भेगाही रेघांसारख्या उमटतात. अर्थात यावरून ग्राफीनचा लेप देऊन तांबे कायमचे चकचकीत ठेवता येईल, अशा जाहिराती निघाल्या तर सावध असावे. काही तास-दिवस ते खरे असते. महिने गेले की भेगांतून हवा-पाणी शिरते आणि त्या जागी गंज उलट अधिक वेगाने पसरू शकतो, असे अभ्यासकांना दिसून आले आहे.

या भेगा कशामुळे? एखाद्या खोलीत चार फरशीवाले चार कोपऱ्यांतून एकाच वेळी फरशी बसवायला लागले आणि प्रत्येकाने आपापली दिशा धरली, तर मध्यभागी येताच जोड जुळत नाही. फरशी तोडून बसवावी लागते. ग्राफीनची बेटे अशीच वेगवेगळ्या दिशांनी वाढलेली असतात. सांध्यावर षट्कोनांऐवजी पंचकोन आणि सप्तकोन घालून निभावून न्यावे लागते. आणि बेटांची दिशा ठरवतो खालचा तांब्याचा दाणा. तुम्ही कांडी तोडून पाहता तेव्हा तुटलेला भाग दाणेदार दिसतो, तोच दाणा. म्हणून पुढचे सारे प्रयत्न तांब्याकडे वळले : आधी पत्राच असा करायचा, की त्यात सर्व दाण्यांची दिशा एक असेल. २०१७ मध्ये बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी अशा एकदिश तांब्यावर पाच सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर लांब असा जवळजवळ एकसंध थर वीस मिनिटांत वाढवला. वरचे वस्त्र चांगले हवे तर खालची जमीन आधी चांगली करावी लागली. नववीतल्या आपल्या मुलीला मी सांगितले, की बाळ, ज्या तांब्याला तुमच्या घरी भेसळ म्हणतात, त्याचा कस पाहण्यात आज मोठमोठ्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत.

आता शेवटची पायरी, आणि ती तर तुमचीच आहे. थर तांब्यावर वाढला, पण उपयोग काचेवर किंवा प्लास्टिकवर करायचा आहे. तो उचलायचा कसा? चिमट्यात धरण्याजोगी ती वस्तूच नव्हे. तुम्ही जुने सोने गाळताना काय करता? त्यात चांदी मिसळून तेजाबात उकळता. चांदी आणि तांबे विरघळून जाते, सोने तळाशी उरते. शास्त्रज्ञ हेच करतात. ग्राफीनवर प्लास्टिकचा पातळ लेप आधारासाठी देतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणावर तरंगत ठेवतात. खालचे तांबे काही तासांत विरघळते. तुमचे सोने तळाशी बसते; येथे कार्बनचा पडदा वर तरंगत राहतो. तो पाण्यात धुऊन, खालून काच सरकवून, अलगद झेलायचा आणि मग प्लास्टिक विरघळवून काढायचे. नायट्रिक आम्ल घातले तर वायूचे बुडबुडे उसळून पडदा फाटण्याचा धोका असतो, म्हणून सौम्य द्रावणे घेतात. एवढे चांगले तांबे वाया जाते, हे पाहून तुमचा जीव हळहळला असेल. शास्त्रज्ञांचाही हळहळला. विजेच्या साहाय्याने तांबे आणि थर यांच्यामध्ये हायड्रोजनचे बारीक बुडबुडे काढून थर सोडवायचा आणि तोच पत्रा पुन्हा वापरायचा, अशी रीत त्यांनी पुढे काढली.

२०१० मध्ये दक्षिण कोरियात ३० इंच कर्णाचा ग्राफीनचा पडदा रुळांवरून कापडासारखा ओढून प्लास्टिकवर उतरवला गेला, आणि त्यापासून स्पर्शाने चालणारा पडदाही करून दाखवला. त्या काळी वाटले होते, की पाच-दहा वर्षांत घराघरांत ग्राफीन येईल. तसे झालेले नाही. संवेदक, काही विशेष उपकरणे, संशोधन यांत त्याला स्थान मिळाले. बाकीच्या ठिकाणी जुनी द्रव्ये अजून स्वस्त आणि भरवशाची आहेत. बाजारात ग्राफीनच्या नावाने जे अनेक माल विकले जातात, त्यांतल्या बहुतेकांत या बाष्पातून वाढवलेल्या थराचा काही संबंध नसतो. मुलांना विज्ञान सांगताना केवळ चमत्कार सांगू नयेत. अडलेली जागाही दाखवावी. अडलेल्या जागी काम करायला माणसे लागतात.

आणि आता मी ज्यासाठी इतका लांबचा प्रवास करून आले, ते बोलते. तुम्हाला ते कदाचित रुचणार नाही. पण बाईंचे बोलणे तुम्ही शाळेतही ऐकून घेतले आहे.

आठवी-नववीनंतर आमच्या पटावरून मुलगे गळतात. दिवाळीच्या सुटीत वडिलांकडे म्हणून जातात आणि परत येत नाहीत. मे महिन्यात चौकशी केली तर उत्तर येते, ‘बाई, तो आता भट्टीवर बसतो, हात चांगला बसलाय.’ मुलींचे निराळेच काही तरी ठरते. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला लावता येत नाही, आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामाला लावता येत नाही. तेजाबाच्या भट्टीचे काम धोक्याचे नाही, असे येथे बसलेला कोणी म्हणेल काय? भांड्यातून उठणारा तो तपकिरी धूर फुप्फुसाला काय करतो, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांच्या खोकल्यावरून मला ऐकू येते. प्रयोगशाळेत ग्राफीन करणारा विद्यार्थी आम्लाचे भांडे धूर ओढून घेणाऱ्या बंद कपाटात ठेवतो. हायड्रोजनच्या नळीला गळती दाखवणारा यंत्रकान लावलेला असतो. तोच धातू, तीच आग, तेच आम्ल. फक्त तेथे माणसाच्या जिवाची किंमत धरून मांडणी केलेली असते. तुमच्या दुकानात धूर बाहेर नेणारा पंखा आणि नळकांडे बसवायला जो खर्च येईल, तो एका लग्नातल्या मांडवापेक्षा कमी असेल.

तुमच्या हातात जे ज्ञान आहे ते लहान नाही. मुशीचा रंग पाहून तापमान सांगणारी माणसे मी आमच्या गावात पाहिली आहेत. परंतु व्यवसायाची घडी बदलते आहे. १६ जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. कस सांगण्याचे काम दगड आणि डोळा यांच्याकडून यंत्राकडे चालले आहे. ज्या मुलाला तांबे केव्हा मऊ पडते हे घरातच कळते, त्याला ते का मऊ पडते हे बारावीपर्यंत शिकू द्या. मग तो भट्टीवर बसला तरी मी तक्रार करणार नाही. पण तो धातुशास्त्र शिकायला गेला, तर त्याच्या वर्गातल्या इतरांना जे पुस्तकातून कळायला वर्ष लागेल, ते त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असेल. आणि मुलींच्या बाबतीत हेच सारे, दुप्पट जोराने.

माध्यमाविषयी एकच सांगते. मराठीतून शिकल्यामुळे मूल मागे पडेल, ही भीती येथे मला चार जणांनी तरी सकाळपासून बोलून दाखवली. आता इतका वेळ मी ग्राफीनविषयी बोलत आहे. काजळ, पाक, फरशी, मूस, टाकणखार, कस. यांतला कोणता शब्द मला परका घ्यावा लागला? मिथेन, आर्गॉन, निकेल ही नावे तर जगात सर्वांनीच उसनी घेतली आहेत. संकल्पना पक्की झाली की इंग्रजी नाव सहा महिन्यांत अंगवळणी पडते. उलट्या क्रमाने मात्र वर्षे जातात. आमच्या शाळेत इंग्रजी चांगले शिकवले जाते की नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे अवश्य या.

हीरक महोत्सवाच्या निधीविषयी समितीने तुम्हाला पत्रे पाठवली आहेतच. कमानीसाठी, संगमरवरी फलकासाठी देणग्या जाहीर झाल्या. देणाऱ्यांचे ऋण शाळा विसरणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेला धूर ओढणारे एक कपाट हवे, बाराशे अंशांपर्यंत जाणारी विजेची एक लहान भट्टी हवी, आणि एक चांगले सूक्ष्मदर्शक हवे. ग्राफीन आम्ही करणार नाही. तो आमचा आवाका नाही आणि हायड्रोजन शाळेत आणण्यास मी परवानगी देणार नाही. पण तांब्याचे पत्रे वेगवेगळ्या तापमानाला तापवून, निववून, त्यांतले दाणे कसे वाढतात हे मुलांनी स्वतः पाहावे. पत्रे, मुशी, सांडशी यांची निवड तुम्ही करून द्या. त्यातले आम्हाला कळत नाही.

आणखी एक. मे महिन्यात तुमच्यापैकी पुष्कळजण गावी येता. यंदा मेच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता नववी-दहावीच्या मुलांसमोर दोघा-तिघांनी येऊन गलाईचे काम आरंभापासून अखेरपर्यंत तोंडी सांगावे, असे ठरवले आहे. आम्ल आणायचे नाही. विज्ञानाचे सर फळ्यावर त्याची समीकरणे लिहितील. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज जेवणापूर्वी माझ्याकडे नाव द्यावे. वही मी बरोबर आणली आहे.